नमुन्यापेक्षा सरस

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार

अंबाझरीच्या नौकाविहार मंडळाचं काम मिळालं. चाळीस जाकिटं शिवायची. अंगात घालून मिरवायची नव्हेत. बोटीतून पाण्यात पडलेला माणूस वर राहावा म्हणून घालायची. मंडळाचे सेक्रेटरी मनोहरराव त्यांना लाइफ जॅकेट म्हणतात. माझ्या तोंडात ते बसत नाही, मी आपलं जाकीट म्हणेन.

मनोहरराव स्वतः तांडापेठेत आले. गल्लीत मोटार शिरली नाही तेव्हा चौकात ठेवून पायी आले. म्हणाले, "उमरेडकर, गादी भरावी तर तुम्हीच, असं ऐकून आलोय." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आमच्या चार पिढ्या मागावर गेल्या. माझा माग बंद पडला तेव्हा गल्लीतले लोक म्हणाले, ताराचंद आता गाद्या भरतो, म्हणजे संपला. संपलो नाही. सूत गेलं तरी कापूस हातात राहिला. डोळे बांधून माझ्या हातात बोंड द्या, काळ्या रानातलं की मुरमाड जमिनीतलं ते सांगतो.

पण खरी मिळकत वेगळीच आहे. मंडळ या थंडीत मुलींना बोट वल्हवायला शिकवणार आहे. सगळ्या सिव्हिल लाइन्सच्या, साहेब लोकांच्या मुली. मी धीर करून म्हणालो, माझी कुसुम यंदा मॅट्रिकला आहे, तिचं नाव घालता का? मनोहरराव थोडे थांबले, मग हो म्हणाले. घरी सांगितलं तर कुसुम आधी हसली आणि मग म्हणाली, "पण बाबा, मले पोहता नाही येत." मी म्हणालो, "अवं, म्हणून तर जाकिटं करून राहिलो ना मी."

१९ नोव्हेंबर

आज नमुना आला. लढाईतलं विलायती जाकीट, खाकी रंग उडालेला, पट्टे मात्र शाबूत. सोबत इंग्रजी कागद. कुसुमने वाचून दाखवला: कप्पे किती, पट्टे कुठे, शिवण किती पदरी. आत काय भरायचं त्या जागी एक शब्द होता, तो तिला लागला नाही. 'कापोक' असं काहीसं. शाळेच्या डिक्शनरीतही सापडला नाही. मी म्हणालो, राहू दे, डिक्शनरी कशाला, कात्री आण.

उसवलं आणि हसूच फुटलं. आत सावरीचा कापूस! काटेसावरीच्या झाडाचा तो भुरा, फुंकर मारली तर उडून जाणारा. त्याला पीळ बसत नाही, त्याचं सूत निघत नाही. ज्याचं सूत निघत नाही त्याला आम्ही कोष्टी कापूस म्हणतच नाही. गरिबाच्या उशीत घालायची वस्तू ती. इंग्रजांनी भर लढाईत आपल्याच शिपायांना असा माल घातला, मग राज्य जाईल नाही तर काय होईल.

मैना म्हणाली, "नमुन्यात आहे तेच भरा ना. आपल्याले काय करायचं आहे?" बायको माझी शहाणी आहे, पण भित्री. मी म्हणालो, ज्याच्या जिवाशी माझ्या हातचं काम बांधलेलं, त्याला मी उशीतला भुरा देऊ? आणि त्यात आपली पोरगीही बसणार. जाकीट नमुन्यापेक्षा सरस झालं पाहिजे.

३ डिसेंबर

नवा कापूस आला. असा माल दोन-तीन वर्षांत पाहिला नव्हता. लांब धागा, कवडीचा, म्हणजे किडक्या बोंडातल्या कापसाचा, मागमूस नाही, मुठीत दाबून सोडला की हळूहळू फुलतो. हौसेने मैनाला दाखवलं: चिमूटभर घेऊन त्यावर पाणी शिंपडलं, कापसाने ते एका श्वासात पिऊन टाकलं. रंगारी अशाच मालावर जीव टाकतात. मग नमुन्यातल्या सावरीवर शिंपडलं. थेंब घरंगळून खाली. पाणी नाही, रंग नाही, काहीच धरत नाही, मेलेला माल. मैना त्या थेंबाकडे बघत राहिली. पटलं असावं.

आजपासून भरायला घेतलं. काठीने दाबून दाबून भरतो. बोट रुतता कामा नये.

१४ डिसेंबर, रविवार

वीस जाकिटं तलावावर पोचवली. मनोहररावांनी एक अंगात घालून आरशात पाहिलं. "विलायती मालाच्या थोबाडीत मारलीत," म्हणाले. आजवर इतक्या शिकलेल्या माणसाने माझी अशी पाठ थोपटली नव्हती.

तिथे चंद्रभान नावाचा नावाडी आहे. जातीचा ढीवर, साठीचा, उन्हाने रापलेला. त्याच्या बोटीत बाकाखाली वाळलेले भोपळे दोरीने ओवून ठेवलेले असतात, कोणी पडलं तर फेकायला. तुंबे म्हणतो तो त्यांना. मनोहररावांनी आज ते काढून टाकायला लावले. साहेबांच्या मुली आणि बाकाखाली भोपळे, शोभत नाही हे खरंच.

चंद्रभानने माझं जाकीट हातात घेतलं, उलटं केलं, वजन पाहिलं. म्हणाला, "भाऊ, हे पान्यात कसं वागते?"

"कसं म्हणजे? वर राहते."

"तुंब्यात काईच नसते, म्हनून तो वर राहते. याच्यात तं तुम्ही ठासून भरलं आहे."

"तुले कापसातलं काय समजते गा?"

"नाई समजत," तो म्हणाला. "म्हनून इचारून राहिलो. याले पान्यात टाकून पाह्यलं काय, चांगला घंटाभर?"

मला राग आला. माझ्या मालाची परीक्षा एका नावाड्याने घ्यायची! मनोहरराव हसून म्हणाले, नव्या वस्तूला जुनी माणसं अशीच बिचकतात. आणखी एक झालं. चंद्रभान बोटीत सहाच्या वर माणूस घेत नसे, साहेब असो की साहेबाचा बाप. आता जाकिटं आली म्हणून मनोहररावांनी दहाची परवानगी दिली. तो तुंबे खांद्यावर टाकून झोपडीकडे गेला. माझ्या कामाचा लोकांना असा उपयोग होतो आहे, याचं मला समाधान वाटलं.

२८ डिसेंबर, रविवार

कुसुमला वल्हं आवरतं. तिचे हात पाहून मनोहरराव म्हणाले, हिने कुठे मेहनत केली? लहानपणापासून रहाटावर सुताच्या कांड्या भरल्या, आणखी कुठे.

आता तिची मैत्रीण प्रेमिलाही जायचं म्हणते. आमच्यापासून तिसरं घर. बाप नाही. आई देवकी विड्या वळून घर चालवते आणि पोरीला नजरेआड होऊ देत नाही. आज दुपारी देवकी सुपडं घेऊनच आमच्या ओट्यावर येऊन बसली. पानं कातरता कातरता म्हणाली, "ताराचंदभाऊ, मले पान्याचं भेव वाटते. माह्याजवळ ही एकच आहे. तुम्ही सांगा, पाठवू काय? तुमच्या सांगण्यावर पाठवते."

मी म्हणालो, "बिनघोर पाठव. जाकीट माझ्या हातचं आहे."

ती आणखी काही विचारेल असं वाटलं होतं. तिने विचारलं नाही. सुपडं उचललं आणि गेली.

५ जानेवारी १९५९

परवा मावठा झाला. गव्हाला चांगला, माझ्या कामाला वाईट. शिवून ओट्यावर ठेवलेलं एक जाकीट रातोरात भिजलं. सकाळी मैना उचलायला गेली तर तिच्याने एका हाताने उचलवेना. "हे तं ओल्या वाकळीसारखं झालं," म्हणाली. दोघांनी मिळून खाटेवर टाकलं. आज तिसरा दिवस, अजून आतून ओलं आहे.

मी तिला म्हणालो, अस्सल कापसाची हीच खूण. चांगला माल पाणी सोडत नाही.

हे बोललो खरा. बोलल्यावर मनात काहीतरी आलं आणि निसटलं. ताटावर बसलो तरी ते पुन्हा सापडेना. मैना माझ्याकडे पाहत होती. मी तिला उगाच म्हणालो, मीठ कमी पडलंय. मीठ बरोबर होतं.

११ जानेवारी, रविवार

शेवटची जाकिटं देऊन आलो. चंद्रभानशी बोललो नाही. तोच पायऱ्यांवरून म्हणाला, "भाऊ, टाकलं काय पान्यात?" मी ऐकलं न ऐकलंसं केलं. चाळीस जाकिटांत एक टाका सुटलेला नाही; आता मी त्याच्या समाधानासाठी माल भिजवत बसू?

घरी येईपर्यंत मात्र ते डोक्यात घोळत राहिलं. खरं लिहायचं तर टाकून पाहायला काही लागत नव्हतं. हौद अंगणातच आहे, पूर्वी सूत भिजवायचो तो. पण पाहायचं म्हणजे आपल्यालाच आपला भरवसा नाही असं होतं. मग मैना विचारणार, हे काय करता? तिला काय सांगू?

१७ जानेवारी, शनिवार

उद्या मुलींच्या बोटी पहिल्यांदा तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत जाणार. पाहायला पाहुणे येणार आहेत. एका बोटीत दहा मुली आणि चंद्रभान.

कुसुमचं जाकीट मी घरी मागवून घेतलं. मन खात होतं, त्याला दुसरा उपाय सुचला नाही. शिवण उसवली, आणि होता त्याच्या निम्मा कापूस आणखी भरला. काठी वाकेपर्यंत दाबला. आता ते जमिनीवर ठेवलं तर आपलं आपण उभं राहतं. कुसुमने घालून पाहिलं. "बाबा, मान वळत नाही," म्हणाली.

"मान कशाले वळवायची आहे? समोर पाहून वल्हव."

ती हसली. मैना दाराशी उभी होती. म्हणाली, "उद्या नाही गेली तं नाही चालणार काय?" मी म्हणालो, तुझं पुन्हा सुरू झालं का.

आता बरं वाटतं. माझ्याकडून जितकं होणार होतं तितकं केलं.

१८ जानेवारी, रविवार

कुसुम घरी आहे. आधी हेच लिहितो. घरी आहे, अंगावर दोन रजया आहेत, मैना तिच्या पायाला ओवा गरम करून चोळते आहे.

प्रेमिला गेली.

२० जानेवारी

काल दिवसभर देवकीच्या दारात होतो. आज कुसुम बोलली. जसं बोलली तसं लिहून ठेवतो.

बोट तलावाच्या मध्यापर्यंत बरी गेली. काठावरच्या पाहुण्यांनी रुमाल हलवले, म्हणून पुढच्या दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या. चंद्रभान ओरडला, बसा, बसा. बोट एका अंगाला कलली, सगळ्या घाबरून दुसऱ्या अंगाला गेल्या आणि ती उलटली.

"मग आम्ही सगळ्या बोटीले धरून होतो, बाबा. प्रेमिला तेवढी लांब गेली. पण ती सगळ्याहून उंच तरंगून राहिली होती. छाती पाण्याच्या वर. आमचे जाकीट तं जड होऊन राहिले होते. चंद्रभानकाका म्हणाले, तिची चिंता नाही, आधी यांना नेतो. दोघी-दोघींना काठाकडे नेऊन राहिले होते. मी शेवटची होते. मी वळून पाहिलं तं ती नव्हती."

मी विचारलं, "तिचं जाकीट सगळ्याहून वर कसं?"

कुसुम म्हणाली, "ते माझं होतं ना. बसायच्या वेळेला ती भिऊन राहिली होती. मी म्हटलं, हे घे, बाबांनी माझ्यासाठी जास्त भरलं आहे. मी तिचं घातलं."

मैना तिला जवळ घेऊन रडली. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

चौकात लोक सांगत होते, चंद्रभानने बुडी मारून तिला काढलं, पण दोन माणसं लागली तरी ती वर येईना. पट्टे कापून जाकीट काढलं तेव्हा आली. मनोहरराव सगळ्यांना सांगतात की दहा मुली बसवणं ही नावाड्याची बेपर्वाई, जाकिटं होती म्हणून नऊ वाचल्या. चंद्रभानला चौकीवर बसवून ठेवलं आहे. मला वाटलं, असेल त्याचीच चूक. मी असं मनात आणलं, हे इथे लिहून ठेवतो.

२१ जानेवारी

मैना कुसुमला घेऊन डॉक्टरांकडे गेली तेव्हा घरात कोणी नव्हतं. कापसाच्या खोलीत जादा शिवलेलं एक जाकीट होतं. ते हौदात टाकलं. शेजारी विलायती नमुना टाकला, त्याची उसवलेली बाजू शिवून.

माझं आधी जास्त वर होतं. मी मोठ्याने म्हणालो, पाहा. कोणाला म्हणालो कोण जाणे. समोरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. सव्वादहाला ते नमुन्याच्या बरोबरीने आलं. मग कापडाचा रंग गडद होत गेला, एकेक कप्पा करून. दहा पंचवीसला ते पाण्याखाली गेलं. घाईत नाही, सावकाश गेलं आणि तळाशी बसलं. मी बाही वर करून हात घातला तर एका हाताने हलेना.

नमुना संध्याकाळी पाच वाजता तरंगतच होता. उशीतला भुरा.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की चांगला कापूस पाणी पितो. हे मला कोणी शिकवायला नको होतं. मीच इतरांना शिकवत होतो. प्रेमिलाच्या अंगावर मी दीडपट कापूस बांधला, आणि त्यातल्या पहिल्या दहा मिनिटांनी चंद्रभानलाही फसवलं.

२३ जानेवारी

देवकी आली होती. डोकीवर पदर, डोळे कोरडे. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, तिला कळलं. मी वाट पाहत होतो, कोणी तरी येऊन मला बोल लावावा याची.

तिने कुसुमला जवळ बोलावलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या पोरीनं आपल्या अंगावरचं चांगलं जाकीट काढून माह्या पोरीले देलं. सख्खी बहीन नाई देत. तिच्या नशिबात नव्हतं, त्याले तुम्ही काय करान? पन तुमचे उपकार मी नाई इसरनार."

कुसुम रडायला लागली. देवकीच तिची समजूत काढत बसली. माझी लाज वाटते, पण त्या घटकेला मला थोडं हायसंही वाटलं होतं. तेही इथे लिहितो.

२५ जानेवारी, रविवार

मंडळाच्या खुंट्यांवर ती जाकिटं वाळत टाकली आहेत, हे काल एका माणसाकडून कळलं. वाळली की पुन्हा हलकी होतील. दिसायला नव्यासारखी. पुढच्या रविवारपासून बोटी सुरू करायचं चाललं आहे, नावाडी दुसरा आणला आहे. मनोहररावांचा निरोप आला, आणखी वीस हवीत.

दुपारी देवकीकडे गेलो. ती विड्यांचे कट्टे बांधत होती. मी खाली बसलो आणि सांगितलं. सावरीचा कापूस, माझा कापूस, हौद, ती वीस मिनिटं, सगळं. चंद्रभानने विचारलं होतं तेही सांगितलं. तिने एकदाही मान वर केली नाही, पण हात थांबले होते. मी म्हणालो, "इथून मी चौकीवर जातो. चंद्रभानचा दोष नाही. तू काय म्हणशील ते मले कबूल आहे."

मग तिने विचारलं, "कुसुमले माहीत आहे काय?"

"नाही."

"तिले सांगू नका, भाऊ."

मी म्हणालो, "देवकी, चौकीवर सांगितलं की गल्लीत यायला किती वेळ?"

"ते तुम्ही पाहा. तुम्ही केलं ते तुम्ही निस्तरा. पन त्या पोरीनं माया करून देलं. ते तिच्या डोक्श्यावर देऊ नका. माही तं गेलीच." तिने दोरा दाताने तोडला आणि पुढचा कट्टा घेतला. मला जा असंही म्हणाली नाही.

चौकीवर जाऊन सांगितलं. जमादार आधी ऐकेना, मग लिहून घेतलं. सही केली. चंद्रभान कोपऱ्यात बसला होता, त्याने सगळं ऐकलं. माझ्याकडे पाहून म्हणाला, "घंटाभर नाई लागला तं." एवढंच. मला त्याच्यापुढे हात जोडता आले नाहीत, हात उचललेच नाहीत. उद्या सोडतो म्हणाले त्याला.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. मैनाला दारातच सांगितलं. तिने भिंतीला हात टेकवला आणि फक्त आत पाहिलं, चुलीकडे. कुसुम भाकरी थापत होती. आज पहिल्यांदाच उठून कामाला लागली होती. मला पाहून पाणी दिलं, पाट मांडला.

म्हणाली, "बाबा, इतका वेळ कुठं होते?"

"देवकीकडे. उद्या सकाळी तलावावर जातो. जाकिटं परत आणायची आहेत. सगळी."

भाकरी तिच्या हातातच राहिली.

"काहून?" तिने विचारलं.